ब्रीच्या जागी कोण?

१७८१ साली गढा-मंडल्याच्या गोंड राज्याचा अस्त होऊन ज्या प्रदेशावर सागरच्या मराठ्यांचा अंमल बसला, १७९८ मध्ये जो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या डिसेंबरात जो इंग्रजांच्या हाती गेला, त्या प्रदेशातील नर्मदाकाठच्या जबलपूरला परक्या पाहुण्याचे आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या परक्या पदार्थाचे नवल वाटण्याचे दिवस केव्हाच मागे पडले आहेत. १८७० मध्ये मुंबईकडून निघालेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून निघालेला लोहमार्ग याच नगरात एकमेकांस मिळाले. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला. छावणीच्या आश्रयाने सदर बाजार वाढला, आणि पाव, बिस्किटे व खारी हे पदार्थ येथील घरांच्या परिचयाचे झाले. नागपूर ही मध्य प्रांताची व पुढे मध्य प्रदेशाची राजधानी असेतोवर, म्हणजे १९५६ पर्यंत, दप्तरांच्या, शाळांच्या आणि न्यायालयांच्या निमित्ताने जी मराठी कुटुंबे येथे आली व राइट टाउन, नेपियर टाउन, गोलबाजार अशा वस्त्यांत स्थिरावली, त्यांच्या चुलीवर पुरणपोळी आणि महाकोशलातील गक्कड-भरता हे दोन्ही सारख्याच ममतेने शिजत आले. तेव्हा आता त्याच घरांत डिसेंबर-जानेवारीच्या मेजवानीचा बेत ठरत असताना पुण्यामुंबईहून किंवा परदेशाहून सुटीवर आलेली मुले ‘भाजलेले ब्री’ असे एक नाव सुचवतात, यात परंपरेला बाध येण्यासारखे काहीच नाही.

अडचण निराळीच आहे. हे ब्री नावाचे चीज जबलपूरच्या बाजारात हमखास मिळेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही. मुंबईहून मागवावे तर सुमारे एक हजार किलोमीटरचा प्रवास, आणि तोही शीतपेटीतून व्हावयास हवा. शिवाय पाहुण्यांपैकी निम्म्यांनी ते ताटात तसेच ठेवले तर खर्चाचे दुःख आणि अपमानाचे दुःख अशी दोन दुःखे यजमानाच्या पदरी पडावयाची. म्हणून प्रश्न उत्पन्न होतो तो असा, की ब्री मिळाले नाही, किंवा मिळूनही परवडले वा रुचले नाही, तर त्याच्या जागी काय घालावे? या प्रश्नाचे उत्तर देताना बहुतेकजण जे करतात ते, म्हणजे चीजच्या जागी पनीर, क्रॅनबेरीच्या जागी बेदाणा आणि अक्रोडाच्या जागी शेंगदाणा अशी नावांची अदलाबदल करून मोकळे होणे, हे मात्र फसवे आहे. कचेरीतील एखादा अंमलदार रजेवर गेला असता त्याच्या खुर्चीवर बदली माणूस नेमताना त्या खुर्चीकडे कोणकोणती कामे आहेत हे पाहावे लागते. नेमलेल्याचे आडनाव मूळ अंमलदाराच्या आडनावाशी जुळते की नाही, याला तेथे किंमत नसते. पाककृतीतील पर्यायाचेही असेच आहे, आणि म्हणून ब्रीच्या हुद्द्यावर कोणकोणती कामे आहेत, ते प्रथम समजून घेतले पाहिजे.

ब्रीची सनद

पॅरिसच्या पूर्वेस ब्री नावाचा जो सुपीक प्रदेश आहे, त्याच्या नावाने ओळखले जाणारे हे गाईच्या दुधाचे मऊ चीज आहे. त्यातील मो आणि मेलूँ या दोन गावांच्या नावांनी प्रसिद्ध असलेल्या दोन जातींना १९८० मध्ये उगमस्थानाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. मो येथील ब्रीची चकती ३६ ते ३७ सेंटिमीटर व्यासाची, वजनाने अडीच-तीन किलोची असते, आणि ती एक चकती घडवण्यास सुमारे २५ लिटर दूध लागते. नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपची फेरवाटणी करण्यासाठी १८१४-१५ मध्ये व्हिएन्ना येथे जी परिषद भरली, तिच्यात फ्रान्सचा मुत्सद्दी तालेराँ याने एका भोजनप्रसंगी ब्रीला सर्व चीजांत अग्रपूजेचा मान मिळवून दिला, अशी आख्यायिका फ्रेंच लोक मोठ्या अभिमानाने सांगतात. त्या दोन संरक्षित जाती सोडल्या, तर नुसते ‘ब्री’ हे नाव कोणासही वापरता येते. आणि म्हणूनच पुणे, मुंबई, कोडईकनाल अशा ठिकाणचे चीज करणारे लोक शे-सव्वाशे ग्रॅमपासूनच्या लहान चकत्या त्याच नावाने बाजारात आणतात. आपल्या मेजवानीस या लहान चकत्याच अधिक सोयीच्या होत.

ब्रीचे वैशिष्ट्य त्याच्या शुभ्र, मखमली सालीत आहे. दूध विरजून, त्यात रेनेट हे दूध गोठवणारे द्रव्य घालून, साच्यात निथळवून जी चकती तयार होते, तिच्या पृष्ठभागावर पेनिसिलियम कॅमेंबर्टी नावाची बुरशी वाढू देतात. ही बुरशी पृष्ठभागावरील दुग्धाम्ल खाऊन टाकते व अमोनिया सोडते; त्यायोगे बाहेरची आम्लता उतरते, आतील कॅल्शियम हळूहळू सालीकडे सरकते, आणि प्रथम खडूसारखा ठिसूळ असलेला गाभा सालीकडून मध्याकडे असा क्रमाक्रमाने मऊ होत जातो. अर्धवट पिकलेले ब्री कापले असता कडेला सायीसारखा मऊ आणि मध्ये पांढरा, कोरडा असा जो दुरंगी छेद दिसतो, त्याचे कारण हेच. साल खाण्याजोगी असते, आणि भाजताना ती काढून टाकणे म्हणजे भिंत पाडून घरात पाणी साठवू पाहणे होय. कारण ओव्हनच्या उष्णतेने गाभा प्रवाही होतो, तेव्हा त्याला धरून ठेवणारी तीच असते.

फ्रान्समध्ये ब्री हे मुख्यतः जेवणाच्या अखेरीस, शीतकपाटातून वेळेवर बाहेर काढून, पावाबरोबर खातात. त्यावर मुरंबा आणि सुकामेवा घालून, प्रसंगी पदरी आवरणात गुंडाळून, भाजून आरंभीचा चाखणा म्हणून मांडण्याची रीत गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील मेजवान्यांत लोकप्रिय झाली. म्हणजे आपण ज्याचे अनुकरण करू पाहतो तो पदार्थ स्वतःच एक फेरफार आहे, आणि ही गोष्ट लक्षात ठेवली, तर त्यात आणखी एक फेरफार करताना आपला हात कचरण्याचे कारण उरत नाही.

आता कामांची यादी अशी होते. गरम असताना चमच्याने उचलता येईल असा, तंतू न सुटणारा, सायीसारखा गाभा हे पहिले काम. त्या गाभ्याला आवर घालणारी भिंत हे दुसरे. चीजच्या खारट-स्निग्ध चवीला तोंडात जागे ठेवणारा आंबट-गोड पदार्थ हे तिसरे. दाताखाली काही कुरकुरावे हे चौथे. आणि हे सर्व उचलून तोंडापर्यंत नेणारा पाव किंवा बिस्कीट हे पाचवे. खरे ब्री यांपैकी पहिली दोन कामे एकटे पार पाडते. त्याच्या बदली येणाऱ्यांत असा दुहेरी कामाचा उमेदवार सहसा सापडत नाही, म्हणून ती दोन कामे दोघांत वाटून द्यावी लागतात. आणि या वाटणीतच सारे कौशल्य आहे.

उमेदवारांची पारख

सर्वांत जवळचा वारस म्हणजे कॅमेंबर्ट. त्याची बुरशी तीच, दूध गाईचेच, आणि मूळ चकती साधारण अडीचशे ग्रॅमची, म्हणून भाजण्यास सोयीची. चव किंचित अधिक उग्र. ते मिळाल्यास दुसऱ्या कोणाची शिफारस करण्याची गरज नाही. मोझरेला वितळते हे खरे, परंतु त्याचे तंतू सुटतात, आणि निवले की ते चिवट होते. पिझ्झ्यावर जो गुण तोच येथे दोष ठरतो.

पनीरविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण भारतात कोणत्याही चीजच्या जागी पनीरची नेमणूक डोळे मिटून करण्याची सवय आपणा सर्वांना जडली आहे. रेनेटने गोठलेल्या चीजमध्ये केसीन या प्रथिनाचे कण कॅल्शियमच्या बंधांनी एकमेकांस बांधलेले असतात; पुरेशी उष्णता लागली की ते बंध सैल होऊन कण एकमेकांवरून घसरू लागतात, आणि यालाच आपण वितळणे म्हणतो. पनीर करताना मात्र उकळीस आलेल्या दुधात लिंबाचा रस किंवा तत्सम आम्ल घालतात. ते आम्ल त्या कॅल्शियमला विरघळवून निवळीबरोबर बाहेर घालवते, आणि तापलेल्या दुधातील इतर प्रथिने केसीनला घट्ट चिकटून बसतात. असे पनीर पुन्हा तापवले असता वाहू लागण्याऐवजी अधिकच आवळते आणि पाणी सोडते. म्हणून गाभ्याच्या कामावर पनीरला नेमणे ही चूक आहे. परंतु जो गुण त्याला गाभ्याच्या कामी नालायक ठरवतो, तोच भिंतीच्या कामी त्याला सर्वोत्तम ठरवतो, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही.

गाभ्यासाठी घरोघरी मिळणाऱ्या वस्तूंतून चांगले मिश्रण साधते ते असे. २०० ग्रॅम साधे प्रोसेस्ड चीज किसून घ्यावे. त्यात १०० ग्रॅम चक्का, तीन चमचे घट्ट साय, एक लहान चमचा तवकीर किंवा कॉर्नफ्लोअर आणि ताजी भरडलेली मिरी घालून, गुठळी राहणार नाही असे घोटावे. मीठ घालू नये. चीजमध्ये ते भरपूर असते. प्रोसेस्ड चीजमध्ये कारखान्यातच सोडियमचे फॉस्फेट किंवा सायट्रेट यांसारखे क्षार घातलेले असतात, ते कॅल्शियमला बांधून ठेवतात व स्निग्धांश वेगळा होऊ देत नाहीत. आणि त्यांच्याच सहवासात चक्कादेखील फुटण्याचे टाळून एकजीव राहतो. चक्क्याने ब्रीची मंद आंबटसर झाक येते, सायीने गुळगुळीतपणा येतो, आणि तवकीर सुटणाऱ्या पाण्याला आवरते. बुरशीचा सुगंध मात्र येत नाही, आणि तो आणण्याचा खटाटोप करू नये. थोडीशी अळिंबी लोण्यावर परतून, अगदी बारीक करून मिश्रणात घातली, तर त्या दिशेने एक पाऊल पडते, इतकेच.

हे मिश्रण उथळ मातीच्या परळात किंवा काचेच्या भाजणीच्या भांड्यात घालून १८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे, कडेला बुडबुडे दिसू लागेपर्यंत, भाजावे. अधिक थाटाचा बेत असेल, तर पनीरच्या भिंतीचा प्रयोग करावा. ४०० ग्रॅमचे घट्ट, चौकोनी पनीर घेऊन त्याच्या चारी बाजूंस व तळाला एक सेंटिमीटर जाडी राखून आतला भाग कोरून काढावा; बाहेरून तूप लावावे; २०० अंशांवर आठ-दहा मिनिटे भाजून कडा किंचित तांबूस झाल्या, की सुटलेले पाणी टिपून घेऊन आत वरील मिश्रण भरावे आणि पुन्हा दहा मिनिटे भाजावे. कापताच आतला ओघ बाहेर येतो आणि भिंत सुरीखाली उभी राहते. कोरून काढलेले पनीर दुसऱ्या दिवशीच्या भुर्जीस उपयोगी पडते. खरे ब्री मिळाले असल्यास यांतील काहीच करावयास नको. सव्वाशे ग्रॅमची चकती शीतकपाटातून काढून, वरच्या सालीवर चौकटीच्या हलक्या रेघा पाडून, १८० अंशांवर दहा-बारा मिनिटे ठेवावी, आणि बाहेर काढल्यावर दोन-तीन मिनिटे तिला विश्रांती द्यावी. फार पिकलेली चकती भाजण्यास घेऊ नये. ती फुटून तबकभर पसरते.

ज्यांच्या घरी ओव्हन नाही, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. जाड बुडाच्या कढईत मिठाचा किंवा वाळूचा थर देऊन, त्यावर तिवई ठेवून, झाकण लावून मध्यम आचेवर दहा-पंधरा मिनिटे ती तापवावी आणि मग परळ आत ठेवावे. केक भाजण्याची ही जुनी तजवीज येथेही कामास येते. वरचा भाग तांबूस होत नाही, एवढीच उणीव राहते.

आवरणाचा आणि अलंकाराचा बंदोबस्त

पाश्चात्त्य पद्धतीत ब्री ज्या पदरी आवरणात गुंडाळतात ते आपल्याला अपरिचित नाही. बेकरीतील खारी त्याच जातीची आहे. ओळखीच्या बेकरीवाल्याने भाजण्यापूर्वीची कणीक दिली तर उत्तम. न दिली तर मराठी घराला चिरोट्याची विद्या वंशपरंपरेने अवगत आहेच. मैद्याच्या तीन पातळ पोळ्या लाटून, त्यांच्यामध्ये तूप आणि तांदळाची पिठी समभाग फेसून केलेला साटा लावून त्या एकावर एक ठेवाव्या. चिरोट्यासाठी आपण त्यांची वळकटी करून काप पाडतो, तसे येथे न करता घडी घालून, थंड करून पुन्हा लाटावे, म्हणजे पदर पृष्ठभागाशी समांतर राहतात आणि आतला गाभा कोठून गळत नाही. गार केलेली चकती, किंवा मुरंब्याचा थर दिलेले गोठवून घट्ट केलेले मिश्रण, मध्ये ठेवून कडा पाण्याच्या बोटाने मिटाव्या, वरून दुधाचा हात फिरवावा, आणि २०० अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटे सोनेरी होईपर्यंत भाजावे. विलायती आवरण लोण्यातील पाण्याच्या वाफेने फुगते. तुपात पाणी नसल्यामुळे आपले तितके फुगत नाही, परंतु कुरकुरीतपणात ते उणे पडत नाही.

अलंकारांच्या बाबतीत जबलपूरची बाजू उलट वरचढ आहे. परदेशी कृतीत क्रॅनबेरी सांगितलेली असते. तिचे काम आंबटपणा आणि लाल रंग देणे हे होय, आणि ते करवंदाहून चांगले कोण करील? आपल्याकडील बेकऱ्यांत केकवर जी लालभडक ‘चेरी’ बसवलेली असते, ती बहुधा पाकवलेले करवंदच असते, म्हणजे ही बदली पूर्वीच मंजूर होऊन अंमलात आलेली आहे. मधाच्या किंवा मेपलच्या पाकाच्या जागी शेजारच्या नरसिंहपूर जिल्ह्यातील करेलीचा नामांकित गूळ पाण्याच्या हबक्यावर पातळ करून घालावा, अथवा काकवी मिळाल्यास ती. अक्रोडाच्या किंवा चिलगोज्याच्या जागी मंडला-दिंडोरीच्या जंगलांतून येणारी चारोळी कोरडी भाजून पेरावी. तिचा मऊ, स्निग्ध कुरकुरीतपणा चीजशी विलक्षण जमतो. नासपतीच्या कापांच्या जागी हिवाळी पेरू, बिया काढून, लोण्यावर परतलेला. अंजिराचा मुरंबा सांगितला असेल, तर सुके अंजीर संत्र्याच्या रसात शिजवून घोटावे. नागपूर काही दूर नाही.

पानांच्या सुगंधाविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विलायती कृतींत थाइम नावाची जी वनस्पती वारंवार येते, तिच्या वासाचे मुख्य कारण थायमॉल हे द्रव्य असते. आणि आपल्या ओव्याचा वासही त्याच द्रव्याचा आहे. दिसण्यात एक कोवळे पान आणि दुसरा कोरडा दाणा. नावांत, रूपांत, कुळाचारांत कसलेही साम्य नाही. तरी कामाच्या दृष्टीने हा बदली मूळ धन्याचा सख्खा भाऊ ठरतो. चिमूटभर ओवा लोण्यात फुलवून चीजवर ओतावा, इतके पुरे.

गोडाची आवड नसलेल्या पाहुण्यांसाठी हिवाळ्यात आणखी एक मार्ग आहे. पाटण, शहापुरा, सिहोरा या भागांतून थंडीत जो हिरवा मटार जबलपूरच्या बाजारात ढिगांनी येतो व येथून दूरवर जातो, तो कोवळा असताना वाफवून, हिरवी मिरची, आले आणि लिंबू यांसह भरड वाटावा आणि भाजून काढलेल्या चीजवर त्याचा थर द्यावा. हिरव्या थराखालून पांढरा ओघ बाहेर येताना दिसतो तोही शोभिवंत, आणि मटाराचा नैसर्गिक गोडवा मुरंब्याचे काम परस्पर करून टाकतो. बरोबर उचलून खाण्यास पावाचे भाजलेले काप, खारे शंकरपाळे, मठरी, किंवा निखाऱ्यावरून काढून फोडलेल्या गक्कडचे तुकडे द्यावे. शेवटच्या पर्यायाला धुराचा जो वास असतो, तो कोणत्याही क्रॅकर बिस्किटाला नाही.

कमानिया गेटचा दाखला

पर्यायाचा हा सारा विचार परदेशी वाटत असेल, तर जबलपूरनेच दिलेला एक दाखला डोळ्यांसमोर ठेवावा. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाचे स्मारक म्हणून उभ्या असलेल्या कमानिया गेटच्या परिसरात बडकुल यांचे मिठाईचे दुकान आहे, आणि तेथील खोव्याची जिलबी हे या नगराचे भूषण मानले जाते. १८८९ मध्ये हरप्रसाद बडकुल यांनी ती प्रथम केली, आणि उपवासाच्या दिवशीही जिलबी खाता यावी हा त्यामागील हेतू होता, असे सांगतात. उपवासाला मैदा वर्ज्य. मग मैद्याची कामे कोणी करावयाची? मैदा जिलबीला अंग देतो, कढईत वेटोळ्याचा आकार टिकवतो आणि आत पाक साठवतो. खोव्याने अंग दिले. परंतु नुसता खोवा तुपात विरघळून गेला असता, म्हणून आकार धरण्याचे काम तवकिरीकडे सोपवले गेले. एका धान्याच्या पिठाची कामे दोघांनी वाटून घेतली. पनीर आणि चक्क्याचे मिश्रण यांच्यात आपण वर जी वाटणी केली तिचेच हे, सव्वाशेहून अधिक वर्षे टिकलेले, पूर्वरूप आहे.

या दाखल्यातील पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. दुधातील साखर आणि प्रथिने तापल्या तुपात एकमेकांवर प्रक्रिया करतात, त्यामुळे ही जिलबी केशरी न होता काळपट तांबूस होते. ती जाड असते, मऊ असते, आणि मैद्याच्या जिलबीचा कुरकुरीतपणा तिच्यात नाही. हलवायाने हा फरक रंग घालून झाकण्याचा प्रयत्न केला नाही. खोव्याच्या जिलबीने मैद्याच्या जिलबीचे सोंग घेतले नाही, आणि म्हणूनच उपवास नसलेले लोकही तिच्यासाठी रांग लावू लागले.

या वाटेने जाऊन चाखण्याचा एक गोड प्रकारही करता येतो. खव्याच्या पिंडी, दाणेदार आणि धाप अशा ज्या जाती हलवाई ओळखतात, त्यांपैकी धाप हा मऊ व अधिक ओलसर असतो; तो दोनशे ग्रॅम घेऊन, चिमूटभर मीठ आणि वेलदोडा घालून मळावा, त्याची चपटी चकती करावी, वर संत्र्याच्या सालीचा मुरंबा व चारोळी पसरून चिरोट्याच्या आवरणात मिटावी आणि भाजावी. खवा चीजप्रमाणे वाहत नाही, फक्त लोण्यासारखा मऊ होतो. हे आधीच जाणून असावे, म्हणजे अपेक्षाभंग होत नाही. याला ब्री म्हणू नये. याला खव्याची खारी म्हणावे, आणि ते नाव पुरेसे प्रतिष्ठित आहे.

पंगतीचा विवेक

यजमानाने पाहुण्यांच्या आचारधर्माची चौकशी आगाऊ करावी, हा दस्तूर येथे विशेष पाळावा लागतो. फ्रान्समधील पारंपरिक ब्रीसाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरतात. भारतात तयार होणारे बरेचसे चीज सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटचे असते, तरी वेष्टनावरील हिरवी शाकाहारी खूण पाहिल्यावाचून ते शाकाहारी पाहुण्यापुढे ठेवू नये. जबलपुरात जैन वस्ती मोठी आहे. त्यांच्यापैकी अनेकांना बुरशीने पिकवलेले चीजच मुळात चालणार नाही, आणि मटाराच्या थरातील आले किंवा परतलेली अळिंबीही चालणार नाही, म्हणून त्यांच्यासाठी पनीरच्या भिंतीचा प्रकार, आले व अळिंबी वगळून, वेगळ्या परळात करावा. त्यातील प्रोसेस्ड चीजच्या वेष्टनावरील खूणही तितक्याच काळजीने पाहावी. गर्भवती स्त्रियांना लिस्टेरिया या जंतूच्या भीतीमुळे बुरशीचे मऊ चीज कच्चे खाण्यास मनाई असते; त्यांना द्यावयाचे असेल तर ते आतपर्यंत कढत झाले आहे याची खात्री करावी, अन्यथा चक्क्याचे मिश्रण द्यावे. एक वर्षाच्या आतील मुलांना मध चाटवू नये. सुक्या मेव्याने ज्यांना अपाय होतो, त्यांच्यासाठी चारोळी वर न पेरता वाटीत वेगळी ठेवावी.

प्रमाण ठरवताना हा आरंभीचा चाखणा आहे, याचा विसर पडू देऊ नये. इतर दोन-तीन पदार्थ असतील, तर माणशी २५ ते ३० ग्रॅम चीज पुष्कळ झाले. वीस पाहुण्यांस सव्वाशे ग्रॅमच्या चार चकत्या, किंवा वर दिलेल्या मिश्रणाचे दुप्पट माप पुरते. सर्व एकदम भाजून मांडण्यापेक्षा दोन हप्त्यांत भाजावे. जबलपूरच्या जानेवारीतील रात्री थंड असतात, आणि अंगणात मांडलेले चीज पाव तासात गोठू लागते. जाड मातीचे परळ आधी तापवून घेतले, तर ही मुदत थोडी वाढवता येते. मुरंबा भाजण्यापूर्वी घालावा, गूळ किंवा मध भाजल्यानंतर. कारण साखर ओव्हनमध्ये लवकर करपते.

राहता राहिला प्रश्न मूळ ब्री मागवावे की नाही हा. घरातील तरुण मंडळींना त्या पदार्थाचीच ओळख करून घ्यावयाची असेल, तर एक-दोन चकत्या खर्च सोसूनही जरूर मागवाव्या. बदली कितीही कर्तबगार असला, तरी मूळ अंमलदाराची भेट त्याच्याकडून घडत नाही. परंतु हेतू जर एवढाच असेल, की थंडीच्या रात्री दहा-वीस माणसांनी एका गरम भांड्याभोवती जमावे, पावाचे तुकडे बुडवावे आणि गप्पांना आरंभ व्हावा, तर चक्का, साय, करवंद आणि चारोळी हे कार्य निर्वेधपणे पार पाडतात. अशा वेळी पदार्थ त्याच्या खऱ्या नावाने मांडावा. ‘ब्री मिळाले नाही म्हणून’ अशी क्षमायाचना जोडू नये. बदली माणसाला हुद्द्यावर कायम करण्याचा अधिकार यजमानाकडे नसतो, तो जेवणाऱ्यांकडे असतो. आणि पुढच्या वर्षीच्या बेताच्या वेळी पाहुण्यांनी ‘तो पनीरचा वाडा करणार आहात ना?’ असे आपण होऊन विचारले, की नेमणुकीचा हुकूम निघाला असे समजावे.